भाजून दाखवा

मेसकाकांनी रोखून बघितलं की परातीतलं कच्चं मटण भीतीनंच अर्धं शिजायचं. लष्कराच्या मेसमध्ये त्यांनी जन्मभर साहेबांना डुकराचं मटण भाजून घातलं आणि निवृत्त झाल्यावर केडगावात आमच्या शेजारी घर बांधलं. गच्चीवर सिगडी, सिगडीपुढं खुर्ची, खुर्चीत काका. कोळसा पेटवण्यापासून जाळी घासण्यापर्यंत बाकी सगळं एस्तेर करायची. आई नसलेली, एकुलती एक मुलगी.

तिला बघायला येणाऱ्या मुलाला पोहे मिळत नसत, चिमटा मिळे. "टेंडरलॉइन भाजून दाखवा," काका म्हणत. डुकराच्या कण्याखालचा हा पट्टा इतका नाजूक, की शेजारी कुणी खोकलं तरी वातड होतो. बाहेरून खमंग, आत जरासा गुलाबी ठेवायचा. उतरवल्यावर थोडा वेळ झाकायचा, मगच कापायचा.

राहुरीच्या एका मास्तरांनी उतरवल्या उतरवल्या सुरी चालवली. रस असा वाहिला, की सीना नदीला तेवढं पाणी मी कधी बघितलं नाही. काका मास्तरांच्या आईला म्हणाले, "बाई, मेलेल्या डुकराला यानं परत मारलं. माझ्या पोरीचं काय करंल?" मास्तर जिन्यातच रडले. आम्ही शेजारी आपापल्या गच्चीवरून पोट धरून हसलो. काकांची जीभ अशी, की जेवताना वेगळी चटणी लागत नसे. त्यांच्यापुढं बाकीची माणसं मला अळणीच वाटायची. एस्तेर मात्र हसत नसे. तिचे केस पिकायला लागले होते.

मग देवळाली प्रवरेचा दानियल आला, साखर कारखान्यातला फिटर. त्यानं असं भाजलं, की वासानं पुणे रोडवरचे ट्रक थांबले. काकांनी सगळं खाल्लं, ताट चाटलं आणि म्हणाले, "एवढं येतंय तर बायको कशाला पायजे तुमाला?"

एस्तेर म्हणाली, "बाबा, बिघडवलं तरी नको, जमलं तरी नको?"

"तू गेल्यावर मला कोण करून घालणार?"

ती खाली गेली, पिशवी भरली आणि दानियलच्या मोटारसायकलवर बसली.

हल्ली काका थंड सिगडीपुढं बसून असतात. अंगावर कुत्र्याला टाकण्याइतकंही मांस उरलं नाही. "जावई येतोय का रे रविवारी?" मला विचारतात. शेवटी मी एस्तेरला फोन लावला. "बाप वाळत चाललाय गं तुझा."

"दानियलची माफी मागतो म्हणाले?"

"न्हाई."

"मग आतून कच्चे हायत अजून," ती म्हणाली. "होऊ दे."