नामदेवचा गुडघा आणि माझा डावा पाय

मी पायाळू नाही.

हे वाक्य मी आजवर कुणापाशी उच्चारलेलं नाही. बायकोपाशी नाही, सासूबाईंपाशी तर नाहीच नाही. एरवीही मी कमीच बोलतो. आमच्या घरात दिवसभरात माझ्यापेक्षा कुकर जास्त बोलतो. पण ही गोष्ट मी स्वभावामुळे लपवली नाही, भीतीमुळे लपवली, हे आता पन्नाशी उलटल्यावर कबूल करायला हरकत नाही.

जन्मताना जे मूल डोक्याऐवजी पायाकडून बाहेर येतं ते पायाळू. आमच्याकडं असं मानतात की कुणाच्या पाठीत उसण भरली, कुणाचा पाय मुरगळला, की पायाळू माणसानं तिथं हलकीशी लाथ मारायची, दुखणं पळतं. (लाथ किती हलकी असावी याचा नियम नाही. ते मारणाऱ्याच्या आणि मार खाणाऱ्याच्या नात्यावर ठरतं.) आमच्या घरात पायाळू आहे तो माझा थोरला भाऊ. मी रीतसर डोक्याकडून आलो.

घोळ झाला तो केम गावाला, मुलगी बघायला गेलो तेव्हा. होणाऱ्या सासूबाई सतरंजी अंथरायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. त्या वाकून नमस्कार करताहेत असं वाटून आमच्याकडच्या तिघांनी वाकून नमस्कार केला. त्या उठेनात म्हणून हेही उठेनात. शेवटी आतून कुणीतरी म्हणालं, "उसण भरली वाटतं. पायाळू हाय का कुणी?"

माझे चुलते, ज्यांना पुतणेच इतके होते की नावंसुद्धा अंदाजानं घ्यायचे, ते म्हणाले, "आमचा ह्यो हाय की."

"ह्यो" म्हणजे मी. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदानं, म्हणजे बघायला आलो होतो त्या मुलीनं, पहिल्यांदाच माझ्याकडं जरा उत्सुकतेनं बघितलं. मी तोंड मिटलं. उठलो आणि सासूबाईंच्या कमरेत डावा पाय लावला. त्या दचकून सरळ झाल्या. होणाऱ्या सासूला लाथ मारून लग्न जमवलेला सोलापूर जिल्ह्यातला मी एकटाच जावई असेन.

तेव्हापासून माझा डावा पाय सासरच्या मालकीचा झाला. चुलते पुढं वारले, त्यामुळं चूक दुरुस्त करणारंही कुणी उरलं नाही. माझी आई आणि सासूबाई एका खोलीत आल्या की मी दोघींच्या मध्ये जाऊन बसतो आणि पावसापाण्याचं बोलतो. एक फायदाही झाला. पायाळूवर वीज पडते असं मानतात, म्हणून आभाळ गडगडलं की गच्चीवरचे कपडे काढायला मला कुणी पाठवत नाही. आमच्या घरात वळवाचा पाऊस सुरू झाला की मी पलंगावर बसून असतो आणि सुनंदा भिजत असते.

नामदेव म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ. केम सोडून तो सासूबाईंना घेऊन सोलापुरात आला आणि आमच्या मागच्याच गल्लीत राहायला लागला. एका शाळेची बस चालवतो. त्याचं बसवर इतकं प्रेम आहे की घरातली चटईसुद्धा तो हॉर्न वाजवल्यासारखा खाकरून ओलांडतो. गणपतीत गल्लीतल्या कबड्डीत तो उतरला, चढाईत अंग वळवलं आणि पाय जागेवरच राहिला. गुडघ्यात कट् झालं. सुजला, हळद लावली, उतरला. विषय संपला असं सगळ्यांनी ठरवलं. गुडघ्यानं ठरवलं नव्हतं.

एका रविवारी तो सासूबाईंना घेऊन आमच्याकडं जेवायला आला. शेंगापोळ्या होत्या, त्यामुळं मांडी घालून बराच वेळ बसला. उठायला गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"दाजी, गुडघा सरळच होईना."

"ताण की."

"ताणलं तर आत कायतरी आडवं येतंय."

सुनंदा म्हणाली, "रिक्षा बोलवा. दवाखान्यात दाखवू."

"दवाखाना कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "घरात आपला पायाळू बसलाय की."

सगळे माझ्याकडं वळले. माझ्या हातात शेंगापोळीचा शेवटचा तुकडा होता. तो मी शक्य तितक्या सावकाश खाल्ला. मग उठलो, देवाचं नाव घेतलं आणि नामदेवच्या गुडघ्याला बाजूनं पाय लावला. त्याला गुदगुल्या झाल्या, तो अंग चोरून वळला, आणि गुडघ्यातून स्पष्ट टक् असा आवाज आला. पाय सरळ! नामदेव उभा राहिला, चालला, जिना उतरून परत चढून आला. सासूबाईंनी मीठमिरच्या आणून दृष्ट काढली. नामदेवची नव्हे, माझ्या पायाची.

त्या दिवशी सगळ्यात जास्त थक्क मी झालो. रात्रभर आपला डावा पाय न्याहाळत होतो. चुलत्यांना काही माहीत असेल काय? सकाळी गावाकडं, वैरागला, आईला फोन लावला.

"आई, मी जन्मलो तेव्हा डोक्याकडनंच आलो ना? नक्की?"

"डोस्क्याकडनंच. लई मोठं हुतं. अजून आठवतंय मला." मग जरा थांबून म्हणाली, "का रं, आता काय झालं त्याला?"

तरीही मनात आलं, की आईला त्या वेळी कुठं नीट दिसलं असणार. माणसाला आपण खोटे आहोत हे पक्कं माहीत असतानाही खरे असण्याची जरा आशा सुटत नाही.

पुढं नामदेवचा गुडघा अधूनमधून अडकायला लागला. अडकला की तो माझ्याकडं. कधी लाथेनं सुटायचा, कधी लाथेची वाट बघताबघता आपोआप. श्रेय दोन्ही वेळा मलाच. मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचं काम बघतो. एकदा कारखान्याच्या फाटकासमोर शाळेची बस येऊन थांबली आणि वॉचमन मला बोलवायला आला. नामदेव पायरीवर बसला होता.

"दाजी, जरा लवकर. शाळेचा टाइम झालाय."

बसच्या प्रत्येक खिडकीत दोनदोन डोकी. मी आजूबाजूला बघून पाय उचलला. एवढ्यात मागच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "काका, नामामामाला मारू नका!" आणि एक लहान मुलगी रडायला लागली. तिचं बघून बाकीची. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाईंनी नामदेवला विचारलं, रस्त्यात तुम्हाला मारणारा तो माणूस कोण? नामदेव म्हणाला, "आमचे दाजी. लई चांगले हायत."

त्या संध्याकाळी सुनंदानं भांडी घासताघासता, माझ्याकडं न बघता विचारलं, "अहो, नाम्याला एकदा हाडाच्या डॉक्टरकडं न्यावं का? तुम्हाला काय वाटतं?"

त्या वेळी मला सगळं सांगता आलं असतं. निदान "ने" म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "बघू."

शेवटी व्हायचं ते झालं. बसमधून उतरताना नामदेवचा गुडघा लटपटला, तो खाली बसला आणि पाय अर्धा दुमडलेला तसाच राहिला. मला बोलावणं आलं. मी लाथ मारली. काही नाही. दुसऱ्या बाजूनं मारली. सासूबाई म्हणाल्या, "जरा मन लावून मारा." मी मन लावून मारली.

"दाजी, बास," नामदेव म्हणाला. "आता लई दुखतंय."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच मी पाय खाली घेतला. त्याला रिक्षात घातलं. दुमडलेला पाय बाहेर, तो पाय धरून मी रिक्षाबरोबर अर्धवट पळतोय, अर्धवट लोंबकळतोय, आणि आत सासूबाई रिक्षावाल्याला माझी कीर्ती सांगताहेत. सिग्नलला रिक्षावाल्यानंच मान बाहेर काढली. "मालक, माझी पण कंबर धरलीय."

डॉक्टर तरुण होते. एमआरआयचे फोटो उजेडात धरून त्यांनी प्लास्टिकचा गुडघा हातात घेतला. मी खुर्ची ओढून पुढं सरकलो. इतके महिने ज्याला लाथा मारल्या त्याच्या आत काय आहे हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये अशा दोन गाद्या असतात," डॉक्टर म्हणाले. "यांची एक गादी उभी फाटलीय आणि फाटलेला तुकडा उलटून सांध्यात अडकलाय. दाराखाली पायपुसणं अडकलं की दार हलत नाही ना, तसं."

"मग ते मधे सुटायचं कसं?" मी विचारलं.

"दार हलवलं की पायपुसणं कधीकधी सरकतं. पण दर वेळी थोडं आणखी फाटतं. आणि मधला हा लिगामेंट, गुडघ्याला धरून ठेवणारी दोरी, ती कबड्डीतच तुटलीय. म्हणून गुडघा लटपटतो. आधी कुठं दाखवलं होतं?"

सासूबाईंनी अभिमानानं माझ्याकडं बोट केलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही कुठली पॅथी?"

"पायाळू," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी प्लास्टिकचा गुडघा माझ्यापासून जरा लांब ठेवला. मग नामदेवला म्हणाले, "पहिल्यांदा अडकला तेव्हाच आला असता तर टाके घालून पूर्ण गादी वाचवायला चांगला वाव होता. आता तिच्या कडा चुरगळल्यात. जेवढी शिवता येईल तेवढी शिवू, बाकीची काढावी लागेल. दोरी नवीन करू, तुमच्याच मांडीमागची घेऊन."

नामदेवनं एकच विचारलं, "क्लच दाबता येईल का, साहेब?"

"व्यायाम केला तर येईल."

मला मात्र विचारायचं खूप होतं. मांडीची दोरी काढल्यावर मांडी काय करते? नवीन दोरीला आपण आता गुडघ्यात आहोत हे कसं कळतं? डॉक्टरांनी सगळ्याची उत्तरं दिली. वर्षानुवर्षं गप्प बसणारा माणूस इतकं बोलतोय हे बघून सुनंदा माझ्याकडं टक लावून बघत होती. ज्या एका प्रश्नाला उत्तर मी द्यायचं होतं, तो मात्र कुणी विचारला नाही.

ऑपरेशनच्या सकाळी नामदेवला हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर निजवलं होतं. सासूबाईंनी मला बाजूला घेतलं.

"जावईबापू, आत जायच्या आधी एकदा पाय लावा."

"आई, डॉक्टर नको म्हणालेत."

"त्यांना कुटं कळतंय. माझं लेकरू हाय ते."

त्यांचे डोळे भरले होते. मी इकडंतिकडं बघितलं. कॉरिडॉर रिकामा होता. स्ट्रेचर उंच होतं, म्हणून भिंतीला हात टेकून पाय बराच वर न्यावा लागला. तो वर असतानाच दार उघडून सिस्टर बाहेर आल्या.

"ओ काका! पेशंटला लाथ मारताय?"

पाय खाली घेताना माझा तोल गेला आणि मी सलाईनच्या स्टँडला मिठी मारली. नामदेव झोपल्याझोपल्या म्हणाला, "सिस्टर, असू द्या. आमच्यात असंच असतंय." त्याला आत नेलं आणि मला वॉचमनजवळच्या बाकावर बसवलं. वॉचमन ऑपरेशन होईपर्यंत माझ्या पायाकडं बघत होता.

कमरेखालचाच भाग बधिर केला होता, त्यामुळं नामदेवनं सगळं पडद्यावर बघितलं. बाहेर आल्यावर तो भारावून बोलत होता. "दाजी, दोनच बारकी भोकं पाडली आणि दोरी काढायला एक चीर. एका भोकातनं कॅमेरा. आत सगळं पाण्याखाली. पांढरंशुभ्र, ओल्या खोबऱ्यागत. आणि ती फाटलेली गादी अशी लोंबत हुती, पडद्याची झालर जशी. थोडी शिवली, थोडी कातरून काढली."

"किती काढली?" मी विचारलं.

"निम्मी, म्हणाले."

सासूबाई सगळ्या वॉर्डात सांगत होत्या, "आत जायच्या आधी पाय लागला, म्हणून एवढं नीट झालं."

पुढचे कित्येक महिने मी कारखान्यातून परस्पर नामदेवकडं जायचो. टाचेखाली टॉवेल सरकवून पाय ताणणं, पलंगाच्या कडेला बसून वाकवणं, सगळं मी करून घ्यायचो. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, असे मेहुणे नशिबानं मिळतात. मी टॉवेलची घडी घालत राहिलो.

नामदेव आता पुन्हा बस चालवतो. क्लच दाबताना गुडघा कुरकुरत नाही. पण मांडी घालून त्याला बसता येत नाही. पंगतीत सगळे खाली बसले की तो एका बाजूला, म्हाताऱ्यांच्या ओळीत, खुर्चीवर ताट घेऊन बसतो. अजून चाळिशीसुद्धा गाठलेली नाही त्यानं. ते दिसलं की मी पंगतीत दुसरीकडं तोंड करून बसतो.

परवा मी धीर केला. त्याच्या घरी गेलो, सासूबाई देवळात गेल्याची खात्री करून घेतली आणि म्हणालो, "नामदेव, तुझ्या गुडघ्याबद्दल मला काही सांगायचंय."

"ऱ्हाऊ द्या हो, दाजी," तो चहा पुढं करत म्हणाला. "तुमचे उपकार कुटं फेडू. तुमी नसता तर मी पयल्याच दिवशी दवाखान्यात गेलो असतो."

मी चहा घेतला. तो म्हणाला, अजून घ्या. मी अजून घेतला.

नामदेवची माफी मागायची आहे. अजून मागितलेली नाही.