महालातला पियानो

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. मी एकदा इटलीतल्या एका जुन्या महालात चाळीस फुटी पियानो बसवला होता. तोही कर्वेनगरातल्या ऑफिसात बसून!

आयटीचे नवे दिवस होते. आमच्या चिमुकल्या कंपनीला पहिलंच परदेशी काम मिळालं होतं. जेनोवा या बंदराच्या शहरातल्या एका व्यापारी घराण्याचा, काही शतकं जुना महाल कॉम्प्युटरवर उभा करायचा; लोकांनी तो घरबसल्या फिरून पाहायचा. काम पसंत पडलं, तर आमच्यातल्या एकाला पुढच्या टप्प्यासाठी इटलीला पाठवणार होते. माझा तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे लोणावळा. मग जीव तोडून काम करणार नाही तर काय!

फोटो आणि नकाशे बघून मी कमानी रचल्या, संगमरवरी खांब उभे केले, चौकात कारंजं केलं. आणि मग तिकडून मेल आली : ‘पियानो नोबिले’ हे महालाचं हृदय. पाहुण्यांचं स्वागत तिथेच होई. चौकातल्या जिन्याने थेट तिथे जाता येतं. लांबी चाळीस फूट.

वा, काय रसिक माणसं! पण लांबी? चाळीस फूट? मी चक्रावलो. शंका नको म्हणून उलट विचारलं, "पर्यटकांना पियानोवर चढू देता का?"

उत्तर आलं, "अर्थात! खूप माणसं चढतात. खालून मजबुतीही केली आहे."

आता सांगा, याच्यावर आणखी काय विचारणार?

डेमोला तिकडून ज्युलिया नावाच्या आर्किटेक्ट बाई आल्या. पडद्यावर चौक आला, बाई खूश. जिना आला, आणखी खूश. दार उघडलं आणि दालनभर काळाकुळकुळीत पियानो!

बाईंनी पडद्याजवळ येऊन पियानो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या भाषेत पियानो म्हणजे मजला. नोबिले म्हणजे मानाचा."

आमचे जोगळेकर साहेब चष्मा पुसत म्हणाले, "छान! म्हणजे आपण पाहुण्यांना अख्खा मजला वाजवायला दिलात."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण ज्युलियाबाई खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि समजावू लागल्या. तळमजल्यावर घोडे, मालाची गोदामं, ओल. वर उजेड आणि वारा, म्हणून घरची माणसं वर. "या खिडकीत," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, "बायका उभ्या राहायच्या. गेलेलं जहाज परत आलं का, ते बघत."

ती खिडकी मी मोजूनमापून केली होती. तिच्या कोरीव चौकटीवर आठवडा घालवला होता. पण तिच्यात कुणी वाट बघत उभं राहिलं असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

पियानो पुसला. रिकामं दालन केवढं मोठं दिसायला लागलं!

इटलीला अर्थातच दुसराच गेला. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही, उलट काळजीने विचारू लागली.

"अहो, पियानोवर माणसं चढतात म्हटल्यावर तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना! कुणी पडायला नको, म्हणून मी त्याला चारही बाजूंनी कठडा लावला होता."