सोबत कुणी लागत नाही

रेनो हाउताला जन्मभर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरावरच्या मालबोटींवर स्वयंपाकी होता. अख्ख्या बोटीवरच्या माणसांचं रांधायची सवय. त्यामुळे बायको एल्मा गेल्यावर एकट्यापुरतं सूप त्याला कधी जमलंच नाही. उरलेलं डब्यात भरून तो आमच्या दवाखान्यात आणून द्यायचा; तिथे फोन घेण्यापासून डॉक्टरांच्या हाताखाली मदतीपर्यंत सगळं मीच बघते. हॅनकॉकसारख्या लहान गावात माणूस दातांच्या डॉक्टरकडेही गप्पा मारायला येतो.

त्याच्या खालच्या ओठाच्या आत, जिथे तो वर्षानुवर्षं तंबाखूची चिमूट धरायचा, पांढरा चट्टा उठला होता. तपासणीत वाईट काही निघालं नाही, तरी चट्टा काढायचं ठरलं. पूर्वी याच कामासाठी मोठ्या गावी जावं लागे. तिथे भूल देत, टाके घालत आणि घरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सोडत नसत. रेनोला तेच ठाऊक. त्याने सहा-सात तासांच्या अंतरावरच्या मिनियापोलिसला मुलीला, कारिनाला, फोन करून सांगूनही टाकलं. आईच्या अंत्यविधीनंतर ती इकडे फिरकली नव्हती. आता गुरुवारी येणार होती.

"आता लेझर आहे, रेनो," डॉक्टर नॉर्लिंग म्हणाल्या. "ओठ तेवढा बधिर करायचा. टाके नाहीत, रक्त नाही. आपली आपण गाडी चालवत घरी जा."

"म्हणजे सोबत कुणी..."

"कुणीसुद्धा लागत नाही!" त्या खुशीत म्हणाल्या.

बाहेर येऊन त्याने माझ्या टेबलावर कोपरं टेकली. "पोरी, कारिनाचा फोन आला तर यातलं काही बोलू नकोस."

"पेशंटचं आम्ही कुणालाच सांगत नाही, काका. नियमच आहे."

"चला, एक तरी नियम कामाचा निघाला."

बुधवारी कारिनाचा फोन आला. "बर्फाचं वादळ सांगितलंय. मला खरंच यायला हवं का? बाबा म्हणतो, माझ्याशिवाय त्याला सोडणार नाहीत."

"मला त्यांच्याबद्दल काही सांगता येत नाही. त्यांनाच विचारा."

"तो खरं सांगेल?"

"त्यांनाच विचारा," मी पुन्हा तेच म्हटलं. नियमाआड लपणं फार सोपं होतं.

गुरुवारी रेनो एकटाच आला. टोपीवरचा बर्फ झटकत म्हणाला, "सांगितलं तिला, लेझर आहे, सोबत लागत नाही म्हणून. असल्या वादळात पोरीला रस्त्यावर काढायचं का?"

ओठ बधिर झाल्यावर मी दारावर लेझरची पाटी लावली, सगळ्यांना हिरवे चष्मे दिले. खोलीतल्या प्रत्येकाने "चष्मा आहे" असं मोठ्याने म्हटल्याशिवाय आमच्याकडे लेझर सुरू होत नाही. डॉक्टर म्हणाल्या, मी म्हणाले. रेनोने दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग तोही कसंबसं पुटपुटला.

किंचित जळका वास आला आणि काम संपलंही. इतक्या लवकर उरकलं म्हणून तो गोंधळल्यासारखा दिसला.

घरी जायची मोकळीक होती, पण तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. मग त्याने कारिनाला फोन लावला. झालं, असं सांगू गेला, तर शब्द तोंडातच घोळत राहिले.

"बाबा? तू रडतोयस?" तिचा आवाज माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला.

तो बधिर ओठाचं सांगू लागला. तिला काही कळेना.

"थांब, मी निघते. वादळ असलं तर असू दे."

रेनोने खिडकीबाहेर पाहिलं. समोरचा रस्ता दिसत नव्हता.

"नको," तो म्हणाला. एवढा एकच शब्द नीट उमटला.