पोर हासनी, हाई लिख

नाना गेले, आणि ऑफिसच्या ग्रुपवर पहिली श्रद्धांजली AI ने लिहिली.

'मितभाषी, मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष सहकारी.'

मितभाषी? आमचे नाना?
रनाळ्याचा हा माणूस बस स्टँडवर बोलायला लागला की रिक्षावाले वळून बघायचे.

आम्ही दोघं एका संस्थेत समाजसेवक. आईबाप गमावलेल्या मुलांच्या घरी जायचं, विचारपूस करायची, मग रिपोर्ट. नानांना रिपोर्टचा भयंकर कंटाळा.

मग मोबाईलवर AI आलं. नाना अहिराणीत बोलायचे, ते शुद्ध मराठीत रिपोर्ट लिहून द्यायचं. नाना खूश. वाचलेला सगळा वेळ पोरांच्या अंगणात.

नानांचं आणि AI चं भांडण एकदाच झालं.

कळसाडीकडची एक मुलगी. नाव लिहीत नाही. आई गेल्यापासून आत्याकडे असते.
बोलणं बंद. आई गेली तेव्हा रडलीसुद्धा नव्हती.

एक दिवस शेळीने नानांच्या गळ्यातला रुमाल ओढला आणि चघळायला लागली. पोरगी खुदकन हसली.

जीपमध्ये बसल्या बसल्या नाना फोनवर ओरडले, "पोर हासनी, हाई लिख!"

AI ने लिहिलं, 'बालिकेच्या वर्तनात सकारात्मक बदल.'

"बदल नही रे बावा! हासनी! हासनी लिख!"

ऐकेना, तेव्हा एका बोटाने स्वतः टाईप केलं.
मला म्हणाले, "ताई, डबडं भारी शे. पन त्याले हासनं समजत नही."

निघताना ते तिला सांगून आले होते, "मी परत येसू."

नाही जाता आलं. हार्ट अटॅक. हातात चहाचा कप होता.

काल मी गेले. ती माझ्या मागे, रस्त्याकडे बघत राहिली.

"नाना नही उनात?"

खरं ते सांगितलं. दुसरं काय सांगणार होते?

ती जागची हलली नाही. मला वाटलं, संपलं. पोरगी पुन्हा गप्प झाली, नानांनी केलेलं सगळं वाया गेलं.

आणि मग ती रडली.
आईसाठी न रडलेली पोरगी माझ्या ओढणीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली. तिची आत्या रडली. मीही रडले.

येताना जीपमध्ये फोनला सगळं सांगितलं. त्याने लिहिलं, 'बालिकेस निधनाची माहिती देण्यात आली. पाठपुरावा आवश्यक.'

त्याखाली मी एका बोटाने टाईप केलं.

पोर रडनी, नाना. लिखं मी.

पुढच्या भेटीला मी जासू. आता तुम्ही आराम करा.