आईचा पाळणा आणि कुलूपबंद प्लेअर

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला माणूस. असले अनुभव मी चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचायचो आणि मनसोक्त हसायचो. त्यामुळे तुम्ही हसलात तर माझी काही तक्रार नाही...

२००८ ची गोष्ट. मुळशीतल्या नांदे गावात आम्ही अक्कांकडे भाड्याने राहत होतो — खाली त्या, वर मी आणि बायको मेधा. अक्का म्हणजे अजब बाई! साठी उलटलेली, आवाज घोगरा, बोलणं फटकळ. पण मेधाच्या डोहाळ्यांपासून बाळंतपणापर्यंत सगळं त्यांनी एकटीने निभावलं.

माझ्याकडे एक म्युझिक प्लेअर होता. होणाऱ्या नातवंडाच्या बारशासाठी आईने स्वतः रचलेला पाळणा त्यात होता. परभणीला माझ्या धाकट्या बहिणीने, सुमीने, तो त्यातच रेकॉर्ड केला होता. पुढच्या महिन्यात आई गेली. मी दोन कडवी ऐकायचो आणि बंद करायचो... पुढे ऐकवत नव्हतं.

मग मी अतिशहाणपणा केला. गाणी विकणाऱ्या एका वेबसाइटच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाईल घातली, सुरक्षित राहावी म्हणून 'प्रोटेक्ट'वर टिक केलं आणि मूळ फाईल उडवली. पुढे लॅपटॉप फॉरमॅट केला आणि त्यातला फाईल वाजवायचा परवानाही पुसला गेला. झालं! प्लेअर प्रत्येक फाईलसाठी त्या साइटची परवानगी मागू लागला — आणि साइट कायमची बंद झालेली. ऑफिसात बाकीच्यांची विकतची गाणी अडकली. माझी आई अडकली.

बारशाच्या सकाळपर्यंत खटपट केली. शेवटी अक्कांना म्हटलं, "आईचा पाळणा नाही वाजणार."

"मग आमी मेलोय व्हय? मी म्हनते की," असं म्हणत त्यांनी पाळण्याची दोरी धरली.

पहिलं कडवं सुरू झालं आणि मेधाने चमकून माझ्याकडे पाहिलं. आईचंच! परभणीच्या आमच्या दारातला कडुलिंब वगैरे सगळं. दुसरंही तेच. म्हटलं, मी गुणगुणताना ऐकलं असेल. पण मग तिसरं आलं, जे मी कधी ऐकलंच नव्हतं. त्यात बाबांची सायकल होती, बाळाला पुढच्या दांडीवर बसवून शाळेत नेणारी. घोगरा आवाज कुठे गेला कोण जाणे... इतकं मायेचं गाणं मी आजवर ऐकलेलं नाही. मध्येच थांबून अक्का म्हणाल्या, "सुमे, दूध बघ गं, उतू जाईल." आणि पुढे गाऊ लागल्या.

सुमी परीक्षेमुळे आली नव्हती. गॅसवर दूधही नव्हतं.

संध्याकाळी तिला फोन केला आणि फक्त ते सायकलीचं कडवं म्हणून दाखवलं.

"दादा, प्लेअर सुरू झाला?" ती ओरडलीच. "मग मधलं 'दूध बघ'पण ऐकलंस ना? पळत गेले होते रे मी, तरी सांडलंच." आणि रडायला लागली. मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी अक्कांना तोच पाळणा पुन्हा म्हणायला सांगितला. त्यांनी वेगळाच म्हटला. "मला ह्योच येतो. काल बी ह्योच म्हनला न्हवं?" आई किंवा सुमी नांद्याला कधी आल्याच नव्हत्या.

प्लेअर अजून तसाच आहे. काय घडलं ते मला आजही कळलेलं नाही. तेव्हा मात्र मी अक्कांच्या पाया पडलो... उठलो आणि पुन्हा एकदा पडलो.

"आवो, पडलात की एकदा," त्या म्हणाल्या, "ह्यो दुसरा नमस्कार कुनाला?"