अर्थ सांगणारा

हे मी कुणाला सांगितलेलं नाय. पाळकांना नाय, पोरींना नाय. शांता होती तोवर तिलाही नाय — आणि सांगायचं होतं ते तिलाच. बायको होती माझी. आता ती गेली. तुम्ही ऐका.

मी भिवपुरीच्या पॉवरहाऊसवर खलाशी होतो, म्हणजे फिटरच्या हाताखालचा हेल्पर. शिक्षण चौथी. क्वार्टरमधली आम्ही चार ख्रिस्ती घरं शाळेतल्या मास्तरांच्या खोलीत उपासनेला जमायचो. पाळक कर्जतहून कधीतरी यायचे. एरवी ज्याला देवानं जे कृपादान दिलंय, त्यानं ते काम करायचं. मास्तर बायबलातलं वचन समजवायचे, राहेलकाकू आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. माझ्याकडे काही नव्हतं. सगळे डोळे मिटायचे तेव्हा मी उघडे ठेवून बघायचो — कोण खरं करतंय, कोण नाटक.

एका रविवारी प्रार्थनेत शांता उभी राहिली आणि अन्य भाषेत बोलायला लागली — पवित्र आत्मा उतरला की तोंडून येते ती, कुणालाच न कळणारी भाषा. माझ्या घरात भाकऱ्या थापणारी शांता. एक शब्द ओळखीचा नाय, पण अंगावर काटा आला. आमच्यात नियम होता — अशा बोलण्याचा अर्थ सांगणारा कुणी असला तरच बोलायचं, नसला तर गप्प बसायचं. सगळे थांबले. मी उठलो आणि म्हणालो, प्रभू म्हणतो, भिऊ नका, मी जवळ आहे.

बायकोची लाज राखायला उठलो, असं मी मनाला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं. मलाही काही मिळालंय असं लोकांना दिसावं म्हणून उठलो. कळलं काय होतं मला? काही नाय.

मग ते चालूच राहिलं. ती बोलायची, मी अर्थ सांगायचो. "शांते, तुझा देवाला ट्रंककॉल लागतो गं, आमचा आपला कायम एंगेज," राहेलकाकू म्हणायची. लोक मला मान द्यायला लागले. आणि मला तिचाच संशय यायला लागला. मी बनवून सांगतो — मग ही कशावरून बनवत नसेल? कुणी शिकवलं हिला? मास्तरांनी?

एकदा तांदूळ निवडताना तिनं विचारलं, "अवो, काल मी काय बोलले? बोलताना माझं मलाच कळत नाय. परत सांगा ना."

काल मी काय ठोकून दिलं होतं, मलाच आठवेना. झालं — डोक्यात किडा शिरला. ही मला पकडायला बघते. मास्तरांनीच पढवली असणार. देवानं आपल्या तोंडून काय सांगितलं ते बाईला ऐकायचं होतं, एवढंच — हे मला सुचलंसुद्धा नाय. चोराला सगळेच चोर दिसतात.

पुढच्या रविवारी ती बोलली. सगळे माझ्याकडे वळले. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "याला काय अर्थ नाय. हे देवाकडचं वाटत नाय."

तिनं माझ्याकडे बघितलं. नियमाप्रमाणं खाली बसली.

घरी आल्यावर एकदाच म्हणाली, "तुमाला दान हाय, तुमी म्हणता ते खरंच असणार. मग माज्यात ते कुठनं आलं असंल?" भ्याली होती. मी बूट काढत होतो, काढत राहिलो.

त्यानंतर तिनं मंडळीत तोंड उघडलं नाय. प्रार्थनेत ओठ हलायला लागले की पदर तोंडात धरायची. मी बघायचो. वाईट वाटायचं का मला? नाय. सुटलो, असं वाटायचं.

यंदा ती गेली. कबरीपाशी मास्तर म्हणाले, प्रभूनं शांताबाईंना मौनाचं कृपादान दिलं होतं. सगळे आमेन म्हणाले. मीपण म्हणालो — सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.