साडूचा गुरगुरणारा पाय

माझ्या साडूच्या तोंडून ‘हवं’ हा शब्द आजवर कोणी ऐकलेला नाही. धसईपासून वैशाखऱ्यापर्यंत कुणी ऐकला असेल तर त्यानं समोर यावं, मी त्याला जेवू घालीन. आणि मी सहसा कुणाला जेवू घालत नाही. चहा विचारा, ‘नको’ म्हणेल आणि दोनदा पिईल. मटणाचं भांडं पुढे केलं की ताटावर हात आडवा धरील, पण बोटं अशी फाकवून की रस्सा सुखरूप खाली पोचावा. मुलगी बघायला मीच त्याला माझ्या सासरी नेलं होतं. माझी धाकटी मेव्हणी पोहे देऊन आत गेली, तसा हा कुजबुजला, “नाय जमायचं, दादा.” मी संतापून चपला घातल्या, तडक जीपच्या थांब्यापर्यंत आलो, वळून बघतो तर हा मागे नाहीच. परत गेलो. साहेब पोह्यांची दुसरी बशी घेऊन सासऱ्यांशी भातपिकावर बोलत होते. त्या उन्हाळ्यातच लग्न झालं.

आमच्या दोघांच्या बैलांच्या धंद्यात या स्वभावाचं सोनं झालं. आमच्याकडे सौदा तोंडानं होत नाही. टॉवेलाखाली दोघांनी हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूच्याला पत्ता लागत नाही. मी दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढत वर आलेला माणूस. बैलाचे दात, खूर, चाल मला कळते, पण मला राग फार लवकर येतो, आणि रागावलेल्या माणसाला बैल महाग पडतो. साडूचं तसं नव्हतं. आवडलेल्या बैलाकडे तो पाठ करायचा आणि टॉवेलाखाली हात ठेवून अशी जांभई द्यायचा की बैलाचा मालक मनातून खचायचा. मग एकदा घाटाच्या रस्त्यावर टेम्पो उलटला आणि साडूचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. साध्या कृत्रिम पायावर तो घरात फिरायचा, पण बाजारातल्या उंचसखल जमिनीत, बैलांच्या रेटारेटीत त्याचा तोल टिकेना. “आता बाजार नको,” एवढंच म्हणून घरी बसला. मला विचारलंसुद्धा नाही. माझा त्याच्यावरचा धंद्यातला पहिला राग हा.

पुढे मुंबईच्या एका संस्थेनं त्याला नव्या तऱ्हेचा पाय चाचणीपुरता वापरायला दिला. या पायाच्या घोट्यात मोटर होती. उरलेल्या पोटरीचा स्नायू आवळला की पंजा जमिनीवर दाबायचा, नडगीकडचा आवळला की वर उचलायचा. मी सोबत गेलो होतो. तिथल्या डॉक्टरीणबाई त्याला उभं करून हळूच ढकलायच्या, हातात अचानक वजन द्यायच्या आणि म्हणायच्या, “काका, तोल जायच्या आधी पोटरी आवळा.” पाय झुंऽऽ असा गुरगुरायचा आणि साडू सावरायचा. मला काही उमगेना. मी विचारलं, “बाई, पाय आपणहून हलतो की हा हलवतो?”

“तेच हलवतात.”

“पण तो तर म्हणतो, मी नाय हलवला.”

“मग नकळत हलवला असेल.”

“म्हणजे याच्या मनातलं याच्या आधी पायाला कळतं?”

बाई हसल्या आणि त्यांनी चहा मागवला. साडू म्हणाला, “मला नको.” खालून आवाज आला, झुंऽऽ. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पाय अंगवळणी पडला तसा मी त्याला बाजारात ओढून नेला. वैशाखऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं डांगी बैलांची जोडी आणली होती. काय जोडी! साडूनं पाठ केली, टॉवेलाखाली हात घातला, जांभई दिली. आणि पाय गुरगुरला.

“मोबाइल वाजतो काय रे?” म्हातारा म्हणाला.

“नाय, पाय हाय,” साडू म्हणाला.

म्हाताऱ्यानं खाली बघितलं. आम्ही ‘चला, जातो’ म्हटलं की साडूची पोटरी नकळत आवळायची, टाच उचलायची आणि झुंऽऽ. म्हाताऱ्यानं टॉवेलातून हात काढून घेतला. “पावनं, तुमचं तोंड नको म्हणतंय, पाय हो म्हणतोय. मी आता पायाशीच बोलतो.” त्यानंतर तो तसूभर खाली आला नाही. मी चिडलो, नको ते बोललो, जोडी दुसऱ्यानं नेली. हा माझा दुसरा राग. तो अजून गेलेला नाही.

मी साडूला तिथेच झापायला लागलो, तेवढ्यात मागून एक उधळलेला खोंड आम्हा दोघांना घासून गेला. मी, दोन चांगले पाय असलेला माणूस, शेणात बसलो. साडू डगमगला, पाय गुरगुरला, पंजा मातीत दाबला गेला आणि तो उभा राहिला. माझ्याकडे बघत, घाबऱ्या आवाजात म्हणाला, “दादा, मी उभा हाय.” त्या पायाला शिव्या घालाव्यात की हळदकुंकू वाहावं, मला कळेना.

चाचणी संपली आणि पाय परत गेला. साडू जुन्या पायावर आला. मी विचारलं, “वाईट वाटतं काय रे?”

“छे, नकोच होता. वजन किती त्याचं!”

सवयीनं मी खाली बघितलं. खालून काहीच आवाज नाही. आता याचं खरं काय समजायचं?

मागच्या बाजाराच्या दिवशी मी त्याच्या दाराशी जीप उभी करून हॉर्न वाजवला. मेव्हणी बाहेर आली, “भावजी, ते नाय म्हणतात यायला.” तिच्या मागून साडू आला, खांद्यावर सौद्याचा टॉवेल. “नको म्हटलं होतं ना मी,” म्हणाला आणि पुढच्या सीटवर बसला.

बाजारात तोल राहावा म्हणून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. एका डांगी खोंडाजवळून जाताना तो म्हणाला, “चल दादा, काय बघायचं त्यात.” त्याच क्षणी माझ्या खांद्यावर त्याची बोटं घट्ट आवळली गेली. एका जागी उभं राहणं मला जन्मात जमलेलं नाही. पण मी थांबलो, आणि त्याची बोटं सैल होईपर्यंत हललो नाही.